खांदा धरला की काय करायचं: पहिल्या कळेपासून पुन्हा खेळायला लागेपर्यंत

मी व्हॉलीबॉल खेळायचो, काम स्मॅश मारायचं. चोविसाव्या वर्षी उजवा खांदा धरला. सुरुवातीला फक्त वॉर्मअपपुरता, मग प्रत्येक फटक्याला, आणि मग रात्री कुशीवर वळलं तरी कळ यायला लागली. पुढच्या चौदा महिन्यांत मी सगळं केलं, पण उलट्या क्रमानं. आधी एमआरआय, मग इंजेक्शन, मग तीन महिने हात न हलवता बसणं, आणि अगदी शेवटी तो व्यायाम ज्यानं खरा फरक पडला. हाच क्रम सरळ असता तर निम्म्या वेळात मी नेटजवळ असतो.

मी डॉक्टर नाही. तपासणीला जाताना काय न्यायचं, तिथे काय चाललंय ते कसं समजून घ्यायचं आणि घरी आल्यावर कुठे माती खायची नाही, एवढंच सांगतो.

१. आधी बघा, हे आजच दाखवायचं आहे का

बहुतेक खांदेदुखी आठवडाभर थांबली तर काही बिघडत नाही. पण पुढचं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि निघा.

खांदा निखळला असेल तर. गोलाई जाऊन खांदा चौकोनी दिसतो, हात जवळ आणता येत नाही. तो बसवायला उत्साही सहकारी लगेच पुढे येतात. त्यांना हात लावू देऊ नका. सोबत हाड मोडलं असू शकतं, आणि खांद्याला वळसा घालून जाणारी नस ताणलेली असू शकते. दंडाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर वाटतेय का ते बघून डॉक्टरांना सांगा. एक्स-रे सहसा बसवण्याआधी आणि नंतर असा दोनदा काढतात.

पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर हात वर उचलताच येत नसेल तर. दुखतंय म्हणून उचलत नाही आणि ताकदच नाही म्हणून उचलला जात नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, आरपार फाटलेली असू शकते, आणि तिथे गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. फाटलेलं टोक मागे सरकतं, स्नायू वाळायला लागतो.

बेंच प्रेस करताना छातीजवळ काहीतरी फाटल्यासारखं वाटलं, काखेची पुढची कड सपाट झाली आणि दंड काळानिळा पडला, तर छातीचा मोठा स्नायू सुटला असण्याची शक्यता आहे. हेही लवकर दाखवायचं.

ताप, लाली आणि गरम सूज. कारण नसताना घटणारं वजन. कसंही झोपलं तरी न थांबणारा ठणका. हाताला वाढत जाणारी बधिरता. यांतलं काहीही असलं तर थांबू नका.

आणि खांद्याशी संबंध नसलेली खांदेदुखी. छातीत दडपण, घाम, दम आणि सोबत डाव्या खांद्यात कळ असेल तर ते हृदय असू शकतं, खेळाडू असलात तरी. पोटावर जोराचा मार बसल्यावर डावा खांदा दुखायला लागला तर प्लीहेला इजा झालेली असू शकते. खांद्याला हात लावला तर दुखत नाही, हलवला तरी दुखत नाही, तरीही कळ येते, हे लक्षण विसरू नका.

२. आत काय आहे, थोडक्यात

खांद्याचा सांधा म्हणजे छोट्या बशीवर तोललेला मोठा चेंडू. दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा एका वेळी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा त्या बशीला टेकलेला असतो. म्हणूनच हात इतका फिरतो आणि म्हणूनच इतका निसटतो. चेंडू बशीच्या मधोमध धरून ठेवायचं काम चार स्नायूंचं आहे: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. यांनाच मिळून रोटेटर कफ म्हणतात. वरचा डेल्टॉइड हा मोठा स्नायू हात उचलताना गोळ्याला वर ओढतो, कफ त्याला खाली आणि आत दाबून धरतो. कफ दमला की गोळा भरकटतो आणि दुखणं सुरू होतं.

यात खवाट्याचा, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाचा, वाटा मोठा आहे. हात पूर्ण वर नेताना साधारण एक तृतीयांश हालचाल खवाट्याची असते. त्याहून खाली बघितलं तर टेनिसच्या सर्व्हिसमधली निम्म्याच्या आसपास ऊर्जा पाय आणि धडातून येते. पाय आळशी झाले की उरलेलं बिल खांद्याच्या नावावर फाटतं. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. घोटा मुरगळल्यानंतर मी उडी कमी मारत होतो आणि कसर हातानं भरून काढत होतो. हे कळायला अकरा महिने गेले.

आता कंडरेबद्दल. स्नायू हाडाला जिथे जोडतो ती दोरी म्हणजे कंडरा, बोलताना टेंडन. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे लहानसहान ओढ काही आठवड्यांत भरून येते. कंडरेचा कारभार संथ. महिनोन्‌महिने दुखणाऱ्या कंडरेचे नमुने तपासले तेव्हा त्यांत नेहमीच्या सुजेपेक्षा विस्कटलेले धागे जास्त दिसले. त्यामुळे अशा जुनाट दुखण्याला आता टेंडिनायटिस न म्हणता टेंडिनोपॅथी म्हणतात. नाव बदललं म्हणून काय झालं, असं मलाही वाटलं होतं. पण सूज असेल तर गोळी आणि विश्रांती पुरते. धागे विस्कटले असतील तर ते पुन्हा रांगेत यायला मापात भार लागतो. उपचाराची दिशाच बदलते.

३. तपासणीला जाण्याआधी वही भरा

डॉक्टरांकडे मिळणारी पंधरा मिनिटं “केव्हापासून दुखतंय?” “झाले काही महिने” यात संपवू नका. लिहून न्या:

– पहिली कळ कधी आली, त्या दिवशी नेमकं काय करत होतात. एका क्षणी झालं की हळूहळू?
– त्याआधीच्या सहा-आठ आठवड्यांतला सराव. किती सत्रं, किती फेकी किंवा फटके, जिममध्ये नवीन काय सुरू केलं.
– दुखतं कुठे. एका बोटानं दाखवता येतं की पूर्ण तळवा ठेवावा लागतो?
– हात कुठल्या स्थितीत गेला की दुखतो, आणि नंतर किती वेळ दुखत राहतो.
– आधीच्या दुखापती. मान, कोपर, कंबर, घोटा, सगळ्या.
– चालू आणि अलीकडची औषधं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या अँटिबायोटिक्सनी कंडरा दुखू शकते, फाटूही शकते. २००८ पासून अमेरिकेत त्यांच्या वेष्टनावर तसा ठळक इशारा छापतात. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर तेही सांगा.

सोबत जुने एक्स-रे, अहवाल आणि तुमच्या फेकीचा किंवा फटक्याचा व्हिडिओ, बाजूनं आणि पाठीमागून, हळू गतीतला. अंगात बिनबाह्यांचा कपडा घाला, खवाटा दिसला पाहिजे.

इथे सगळे फसतात ते दुसऱ्या मुद्द्यावर. “काहीच बदललं नव्हतं” असं मीही छातीठोकपणे सांगितलं. वही काढली तर शिबिराच्या तीन आठवड्यांत माझे फटके दुप्पट झाले होते. कंडरेचं दुखणं बहुधा असंच, भार अचानक वाढला की येतं. मोठ्या सुट्टीनंतर एकदम जुन्या वेगानं सुरुवात केली तरी हिशोब तोच.

४. तपासणीत काय होतं

चांगला तपासणारा मानेपासून सुरुवात करतो, कारण मानेतली दबलेली नस खांद्यात दुखू शकते. मान वळवल्यावर हातात मुंग्या येत असतील किंवा हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटत असेल तर हे सांगा. नंतर दोन्ही खांदे उघडे ठेवून हालचाल, मग ताकद, मग विशिष्ट चाचण्या.

हात बाजूनं वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्येच कळ येत असेल तर बोट कफकडे जातं. कोपर कमरेशी ठेवून हात बाहेर वळवून दिला आणि सोडल्याबरोबर तो आपोआप आत आला, तर मोठी फाट असल्याचा संशय. तळवा पोटावर दाबताना कोपर मागे पळतं का, यावरून पुढचा सबस्कॅप्युलॅरिस कळतो. यातली कुठलीही एक चाचणी एकटी निकाल देत नाही. तीन-चार एकाच दिशेला बोट दाखवायला लागल्या की त्याला वजन येतं. एकच हात पिरगाळून मिनिटात निदान सांगणाऱ्याला नम्रपणे विचारा, “बाकीचं बघणार ना?”

एक चाचणी मात्र तुमच्या शब्दांवर चालते. हात फेकीच्या स्थितीत, बाजूला आणि मागे नेला की “दुखतंय” म्हणता की “निसटेल असं वाटतंय”? दुसरं असेल तर सांधा सैल आहे, पूर्वी अर्धवट निखळून आपोआप बसला असण्याची शक्यता आहे. दुखणं आणि भीती यांत गल्लत केली तर उपचार चुकीच्या वाटेला जातात.

जागेवरून ढोबळ अंदाज येतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूला पसरणारं दुखणं बहुधा कफचं. गळ्याचं हाड जिथे खांद्याच्या टोकाला मिळतं तिथे एका बोटानं दाखवता आलं तर तो छोटा सांधा. खांद्याच्या पुढच्या खोबणीत, बेटकुळी काढताना दुखलं तर बायसेप्सची कंडरा. खोल आत, खटका पडल्यासारखं वाटलं तर बशीची कड, म्हणजे लॅब्रम. अंदाजच तो, त्यावर घर बांधू नका.

हातानं फेकणाऱ्या खेळाडूंना आणखी एक. तुमचा फेकणारा हात दुसऱ्यापेक्षा बाहेर जास्त आणि आत कमी वळणारच, वर्षानुवर्षांच्या फेकीनं तसा घडतो. दोन्ही वळणांची बेरीज दुसऱ्या हाताएवढी आहे का ते मोजायला सांगा. बेरीज घटली असेल तर लक्ष द्यायचं.

५. फोटो कधी काढायचे

मार लागला असेल, निखळला असेल तर एक्स-रे पहिला. कफची फाट बघायला सरावलेल्या हातातली सोनोग्राफी पुरते, शिवाय हात हलवताना बघता येतं. फाट किती मोठी, स्नायू किती वाळला हे एमआरआय सांगतो. लॅब्रमचा संशय असेल तर सांध्यात औषध सोडून केलेला एमआरआय अधिक स्पष्ट दिसतो.

आता मी जिथे तोंडावर पडलो ती जागा. अहवालात “आंशिक फाट” हे दोन शब्द वाचून मी खेळ संपला असं धरून चाललो. कोणीतरी मला २०११ चा एक अभ्यास तेव्हाच दाखवायला हवा होता. खांदा अजिबात न दुखणाऱ्या, ४० ते ७० वयाच्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी केली, तर ९६ टक्के जणांच्या खांद्यात काही ना काही बिघाड सापडला. काहीही तक्रार नसलेल्या बेसबॉलपटूंच्या एमआरआयमध्येही फाटी दिसतात. पुढे तुलनेसाठी माझ्या डाव्या, कधीच न दुखलेल्या खांद्याची सोनोग्राफी झाली. त्यातही फाट होती.

म्हणून अहवाल हातात आला की एकच विचारा: यात जे दिसतंय ते माझ्या तपासणीशी जुळतं का? जुळत नसेल तर उपचार तपासणीवर ठरू द्या.

६. पहिला आठवडा

ज्या हालचालीनं कळ येते ती कमी करा, खेळ पूर्ण बंद करू नका. डोक्यावरचे फटके थांबवा. धावणं, पायांचा व्यायाम, छातीखालची कामं चालू ठेवा. बर्फ दुखणं कमी करतो, कंडरा दुरुस्त करत नाही. झोपताना दुखऱ्या कुशीवर नको. पाठीवर झोपून कोपराखाली उशी घ्या. झोळी फक्त निखळणं, हाड मोडणं किंवा ऑपरेशननंतर, तीही सांगितली तेवढेच दिवस.

गोळी घेऊन खेळू नका. कुठे थांबायचं हे सांगणारी एकमेव घंटा तुम्ही काढून ठेवता.

७. भार: इथेच बरं व्हायचं असतं

१९९८ मध्ये स्वीडनच्या होकान आल्फ्रेडसन यांनी टाचेच्या कंडरेनं बेजार झालेल्या १५ हौशी खेळाडूंना टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम दिला. १५ चे तीन फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, आणि दुखलं तरी करा असं सांगून. ते सगळे पुन्हा धावायला लागले. त्या १२ आठवड्यांच्या आकड्यानं कंडरेच्या उपचाराची दिशा बदलली. खांद्याची गणितं वेगळी आहेत, पण दुखऱ्या कंडरेला मापात काम द्यायचं हे तत्त्व तिथूनच इथे आलं.

माझा क्रम असा होता. तुमचा फिजिओ यात फेरफार करील, करूच दे.

पहिला टप्पा, जागेवरचा जोर. कोपर कमरेशी, ९० अंशांत. मनगटाची बाहेरची बाजू भिंतीला टेकवून ढकलायचं. ३० ते ४५ सेकंद, चार-पाच वेळा. मग आतल्या बाजूनं तसंच. हात हलत नाही, त्यामुळे चिडलेली कंडराही हे बहुधा सोसते.

दुसरा टप्पा, रबराचा पट्टा. कोपर आणि कमर यांच्यामध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवायची, हात बाहेर फिरवायचा. तीन सेकंदांत जायचं, तीन सेकंदांत यायचं. १२ ते १५ चे तीन फेरे, एक दिवसाआड. सोबत रोइंग, म्हणजे पट्टा स्वतःकडे ओढणं, आणि भिंतीवर हात टेकून खवाटा पुढे सरकवत मारायचे दंड. लोक इथे फार घाई करतात. पट्टा सुटल्यासारखा परत आला तर तुम्ही अर्धाच व्यायाम केला. परतीचा प्रवासच महत्त्वाचा.

तिसरा टप्पा, जड. पट्टा सोडून डंबेल किंवा केबल, एका फेऱ्यातली संख्या सहा ते आठपर्यंत खाली, वजन वर. मग हेच हात खांद्याच्या उंचीवर नेऊन. माझं गाडं हलक्या पट्ट्यावर चार महिने अडलं होतं, कारण मला भीती वाटायची आणि मला कोणी ढकलत नव्हतं. स्मॅश मारताना खांद्यावर जे येतं त्याच्यापुढे पिवळा पट्टा म्हणजे काहीच नाही.

चौथा टप्पा, वेग. मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, भिंतीवर फेकणं आणि झेलणं, आधी दोन हातांनी, मग एका. पाय आणि कंबर वापरून.

किती दुखलं तर चालतं? शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना तीन-चारपर्यंत चालू द्या, पण दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा आदल्या सकाळसारखाच हवा. सकाळ बिघडली तर वजन किंवा फेरे कमी करा, व्यायाम सोडू नका. हे आकडे वहीत रोज लिहा. आठव्या आठवड्याला “काहीच फरक नाही” असं वाटायला लागतं तेव्हा मागची पानंच कामाला येतात.

८. सुई आणि सुरी

स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे दुखणं खरोखर कमी करतं. त्या उसंतीत व्यायाम पुढे न्यायचा असेल तर त्याला अर्थ आहे. मी त्या उसंतीत स्पर्धा खेळलो. तिसऱ्या आठवड्यात पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत परतलो, कारण टोचल्यानंतरचे पहिले काही दिवस कंडरेवर जड भार टाकायचा नसतो, आणि वारंवार टोचलं तर ती कमकुवत होते.

उत्तेजक चाचणी होणाऱ्या स्पर्धा खेळत असाल तर हे नीट वाचा. १ जानेवारी २०२२ पासून वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमांनुसार स्पर्धेच्या काळात ग्लुकोकॉर्टिकॉइडचं, म्हणजे याच प्रकारच्या स्टिरॉइडचं, कुठल्याही मार्गानं टोचलेलं इंजेक्शन निषिद्ध आहे, सांध्यातलंही. औषध आणि टोचण्याची जागा यांवरून ते अंगातून जायला काही दिवसांपासून ६० दिवसांपर्यंत मुदत धरतात. टोचण्याआधी डॉक्टरांना औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख लेखी द्यायला सांगा. गरज असेल तर टीयूईचा, म्हणजे उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करा. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्स, २०११ पासून निषिद्ध यादीत नाहीत. पण त्यांचा उपयोग किती यावर अभ्यासांचं एकमत नाही.

ऑपरेशनबद्दल. खांद्याच्या छताचं हाड तासून जागा करायची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं सर्रास झाली. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला अभ्यास आला: काहींचं हाड तासलं, काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गट सारखेच सुधारले. त्यामुळे फाट नसलेल्या दुखण्यासाठी कोणी थेट याच ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या. उलट तरुण खेळाडूची माराने झालेली आरपार फाट, पुन्हापुन्हा निखळणारा सांधा, सुटलेला छातीचा स्नायू, इथे चालढकल महाग पडते.

सर्जनना विचारायचे प्रश्न: झोळी किती आठवडे? कफ शिवला तर बहुधा चार ते सहा. पहिली फेक कधी? माझ्यासारख्याच खेळातले किती जण आधीच्या पातळीवर परतले? डोक्यावरून फेकायच्या खेळात परतायला सहा महिने ते वर्ष धरा.

९. परत खेळायला

दुखत नाही एवढ्यावर परतू नका. हालचाल पूर्ण हवी. ताकद दुसऱ्या हाताच्या किमान ९० टक्के हवी, आणि फेकणारा हात मुळात जास्त ताकदीचा असतो हे लक्षात ठेवा. बाहेर फिरवायची ताकद आत फिरवायच्या ताकदीच्या निदान दोन तृतीयांश हवी. फिजिओकडे हातात धरायचं मोजयंत्र असतं, अंदाजानं नको.

मग फटके मोजून. मी जमिनीवर उभं राहून, निम्म्या जोरानं २० पासून सुरुवात केली, एक दिवसाआड. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: आकडा, जोर किंवा उडी. निम्म्या जोराचं म्हणजे किती हे आपल्याला कळत नाही, हात सवयीनं पूर्ण ताकद लावतो. म्हणून कोणाला तरी बाजूला उभं करा किंवा व्हिडिओ काढा. पूर्ण सामना पाच आठवड्यांनी खेळलो, त्यातही दोनच सेट.

हंगाम सुरू झाल्यावरही आठवड्यातून दोनदा पट्टा आणि डंबेल चालू ठेवा. कळ परत आली तर शून्यावर जाऊ नका. जिथे सकाळ बिघडली नव्हती त्या टप्प्यावर, म्हणजे बहुतेकदा एकच पायरी खाली या, आठवडाभर तिथेच राहा आणि वही पुन्हा उघडा.